लेखक-चित्रकारांवरचं विकिपीडियाचं पान चौघांनी मिळून कसं लिहावं

मराठी विकिपीडियावर आपल्या भागातल्या एखाद्या लेखकाचं किंवा चित्रकाराचं पान उघडून बघा. बऱ्याचदा दोन-तीन ओळी, पुस्तकांची लांबलचक यादी आणि संदर्भ एकही नाही, एवढंच हाती लागतं. माहिती नाही म्हणून असं होतं, असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. ग्रंथालयाच्या नोकरीत माझा जन्म गेला. माहिती कपाटात आहे, बांधीव दिवाळी अंकांत आहे, प्रदर्शनांच्या जुन्या पुस्तिकांत आहे. ती पानावर आणायला माणसं लागतात, आणि हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कोल्हापुरात आम्ही काही जण शनिवारी दुपारी वाचनालयात बसतो. एक निवृत्त कलाशिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एम.ए. करणाऱ्या दोन मुली आणि मी. आमची जी पद्धत बसली आहे ती इथे सांगते. तुमच्या गावात असाच गट जमवायचा असेल तर उपयोगी पडेल.

कुणावर लिहायचं ते आधी ठरवा

उत्साहाच्या भरात सगळ्यांना पु.लं.वर नाहीतर कुसुमाग्रजांवर लिहायचं असतं. तिथे आधीच गर्दी आहे. आपल्या जिल्ह्यातलं, ज्याच्याबद्दल पुण्या-मुंबईचा माणूस लिहायला बसणार नाही, असं नाव घ्या. आमच्याकडे चित्रकार आबालाल रहिमान आहेत, बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर आहेत. तुमच्याकडेही असे असतील.

मग एक कसोटी लावा. ज्याचा त्या व्यक्तीशी नात्याचा, पैशाचा किंवा संस्थेचा संबंध नाही, अशा कुणी तिच्यावर सविस्तर लिहून ते छापलं आहे का? अशी निदान दोन लेखनं हातात असतील तरच पान सुरू करा. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर, सत्काराची निमंत्रणपत्रिका, स्वतःच्या संकेतस्थळावरचा परिचय यांतलं काहीही या हिशेबात धरू नका. विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. पानं काढून टाकली जातात तेव्हा बहुतेक भांडणं याच मुद्द्यावर होतात. ती आपण पुस्तकांच्या कपाटापाशीच मिटवलेली बरी.

त्या व्यक्तीचं पान आधीपासून आहे का, हे सगळ्या रूपांनी शोधा. आद्याक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून आणि न सोडून, पूर्ण नावाने, टोपणनावाने. ‘रहिमान’ही शोधा आणि ‘रहमान’ही. एवढं केलं नाही तर एकाच माणसाची दोन पानं तयार होतात आणि पुढे ती जोडत बसण्यात एक अख्खी बैठक जाते.

कपाटातून काय काढायचं

लेखकांसाठी आमचा पहिला आधार वाईचा मराठी विश्वकोश आणि दुसरा संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश. विश्वकोशातल्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. संदर्भात तेही द्या, नुसतं ‘विश्वकोश’ लिहून थांबू नका. पुस्तकाची पहिली आवृत्ती कधी निघाली हे ठरवायला शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीला तोड नाही. १८०० ते १९५० पर्यंतची छापील मराठी पुस्तकं तिच्यात नोंदलेली आहेत. इंटरनेटवरच्या पुस्तकविक्रीच्या पानांवर जे साल दिसतं ते पुष्कळदा नव्या आवृत्तीचं असतं, ते उचलू नका. चित्रकार-शिल्पकारांसाठी शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड काढा.

यापलीकडची खरी दौलत दिवाळी अंकांत आणि मृत्युलेखांत आहे. तिथून काही घेतलं तर अंक, वर्ष, लेखाचं नाव, लेखकाचं नाव आणि पृष्ठ या पाचही गोष्टी जागच्या जागी वहीत उतरवा. घरी गेल्यावर पृष्ठक्रमांक आठवत नाही.

गौरवग्रंथ जपून वापरा. तारखा, नोकऱ्या, प्रवास, प्रदर्शनं यांची तपशीलवार माहिती त्यात मिळते आणि ती बहुधा चांगली असते. स्तुती मात्र तिथेच राहू द्या. आत्मचरित्राचंही तसंच. चित्रकार धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ १९४० साली निघालं. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कधी आले, कोणाकडे शिकले, हे त्यातून घ्यायला हरकत नाही. त्यांचं चित्र किती मोलाचं होतं हे मात्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असायला हवं.

कामाची वाटणी

एक जण पुस्तक वाचतो, दुसरा टंकतो, तिसरा तपासतो. टंकणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, एवढा एकच नियम आमच्याकडे कडक आहे. तपासणाऱ्याने पुस्तक उघडून, त्या पानावर बोट ठेवून वाक्य ताडून बघायचं. ‘मला माहीत आहे’ हे उत्तर चालत नाही, मग सांगणारे कलाशिक्षक का असेनात. आमच्या सरांनी कोल्हापूरच्या चित्रकारांबद्दल जे ऐकलंय ते ऐकत राहावं असं आहे. पण ते कुठे छापलेलं नसेल तर पानावर येत नाही. सरांना आम्ही सांगितलं की हे तुम्ही एखाद्या मासिकासाठी लिहा, छापून आलं की दुसरं कुणीतरी त्याचा संदर्भ देईल. त्यांनी लिहायला घेतलंय.

आमची वही दुपानी आहे. डाव्या पानावर वाक्य, उजव्या पानावर पुरावा. एक नमुना देते. डावीकडे: ‘ययाति या कादंबरीसाठी खांडेकरांना १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना मिळाला.’ उजवीकडे: कोश, खंड, पृष्ठ, आणि तपासणाऱ्याचं आद्याक्षर. उजवी बाजू कोरी असेल तर डावीकडचं वाक्य पानावर जात नाही. पुरस्कारांच्या बाबतीत वर्ष आणि पुस्तक दोन्ही लिहा. नुसतं ‘अकादमी पुरस्कार’ म्हटलं तर कोणती अकादमी आणि कशासाठी, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

नवीन माणसं येणार असतील तर त्यांना खातं घरूनच काढून यायला सांगा. विकिपीडिया एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती काढू देतो. वाचनालयाच्या वायफायवर पंधरा जण एकदम बसले तर सातव्यापासून सगळे अडकतात. मराठी टंकायला वेगळं काही लागत नाही. संपादनाच्या चौकटीत गेल्यावर कंट्रोल आणि एम दाबलं की विकिपीडियाचाच कळफलक सुरू होतो. अक्षरांतरणाने (इंग्रजी अक्षरं दाबून मराठी) लिहायचं की इनस्क्रिप्टने (देवनागरीचा स्वतंत्र कळफलक), ते निवडता येतं. आमच्या काकांनी इनस्क्रिप्ट शिकून घेतलं आणि आता आमच्यात सगळ्यात वेगाने तेच टंकतात.

पहिला मजकूर थेट लेखात घालू नका. आपापल्या धूळपाटीवर, म्हणजे खात्याच्या कच्च्या पानावर लिहा, एकमेकांना दाखवा, मग हलवा. लेखावर प्रत्यक्ष काम सुरू झालं की वर ‘काम चालू’ हा साचा (तयार सूचनापट्टी) लावा. एकाने बालपण घेतलं तर दुसऱ्याने चित्रशैली घ्यायची, आणि अख्खं पान न उघडता आपला विभागच उघडायचा. दोघांनी एकाच वेळी एकच परिच्छेद उघडला तर नंतर जतन करणाऱ्याचं लेखन अडकतं आणि मग दोन्ही मजकूर हाताने जुळवावे लागतात. दर बदलाला एका ओळीचा सारांश लिहा: ‘जन्मतारखेला संदर्भ जोडला’, ‘पुस्तकांची यादी कालक्रमाने लावली’. चार महिन्यांनी इतिहास चाळणाऱ्याला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, याचा फार उपयोग होतो.

नावं

शीर्षकात कै., प्रा., डॉ., रावबहादूर यांतलं काही नको. लोक ज्या नावाने ओळखतात ते शीर्षक, आणि बाकीच्या सगळ्या नावांवरून पुनर्निर्देशन. बाबूराव पेंटर यांचं आडनाव मेस्त्री, तेव्हा ‘बाबूराव मेस्त्री’ शोधणाराही त्याच पानावर पोचला पाहिजे. खांडेकरांचं जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. ही गोष्ट पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावी. नाहीतर कुणीतरी येऊन वडिलांचं नाव ‘दुरुस्त’ करून जातो.

लेखिकांच्या बाबतीत इथे दुप्पट लक्ष द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच बाईची तीन नावं. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालं ते तिसऱ्या नावाने. लग्नाआधीचं लेखन एका नावावर, नंतरचं दुसऱ्या, आणि टोपणनावाचं तिसऱ्याच, असं विखुरलेलं असलं की सूचीत ती बाई तीन ठिकाणी तुटते आणि कुठेच पुरी दिसत नाही. पुनर्निर्देशनं करायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्याने ती एका जागी येते.

नावं सारखी असतील तर निःसंदिग्धीकरणाचं, म्हणजे कोण कोणती ते सांगणारं, पान करा. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई वेगळ्या आणि खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. शाळकरी मुलं हमखास एकीच्या ओळी दुसरीच्या नावावर घालतात.

तारखा

जुन्या चरित्रांत तिथी आणि शक असतो. चैत्रापासून कार्तिकापर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष आणि पौष हे महिने डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर येतात, तिथे जुनं पंचांग बघितल्याशिवाय काही ठरवू नका. शके १८१२ चा श्रावण १८९० मध्ये येतो आणि त्याच शकाचा माघ १८९१ मध्ये. तिथीवरून नेमकी तारीख काढता येत नसेल तर नुसतं साल लिहा. अंदाजाने घातलेली तारीख विकिडेटावर (सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचा सामाईक माहितीसाठा) जाते, तिथून आणखी भाषांत पसरते, आणि मग सगळीकडे तीच दिसते म्हणून लोक खरी मानतात.

दोन चांगल्या पुस्तकांत दोन तारखा असतील तर दोन्ही लिहा, दोन्हींना संदर्भ द्या. खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ चा, पण तारीख कुठे ११ मिळते, कुठे १९. आपल्याला पटते ती ठेवून दुसरी गाळणं हा आपला अधिकार नव्हे. त्यांचा जन्मदाखला शोधून स्वतः निकाल लावणं हेही विकिपीडियाचं काम नाही. कुणी संशोधन करून ते छापलं की मग आपण त्याचा आधार घ्यावा.

वाक्य कसं लिहायचं

आपल्याकडे कलावंतावर लिहायचं म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. ‘आपल्या कुंचल्याच्या जादूने रसिकमनावर अधिराज्य गाजवणारे थोर कलातपस्वी’ असं वाक्य आमच्याकडे दर वेळी कुणीतरी लिहितंच. प्रेमापोटी लिहितात, म्हणून खोडताना मी शेजारी बसून खोडते. त्या जागी असं येतं:

‘महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७ – १ जून १९४४) हे चित्रकार होते. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि अखेरीस काही काळ संचालकपद सांभाळलं. या पदावरचे ते पहिले भारतीय.’

यात एकही विशेषण नाही. तरी एका माणसाने विद्यार्थी म्हणून शिरून इंग्रजांच्या काळात त्याच संस्थेचं प्रमुखपद गाठलं, हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरतं. आमच्या सरांना आधी हे फार कोरडं वाटायचं. आता तेच मुलींच्या मजकुरातली विशेषणं टिपतात.

‘होते’, ‘त्यांनी’ असं आदरार्थी लिहायला काहीच हरकत नाही, ती मराठीची रीतच आहे. ‘नुकतेच’, ‘सध्या’, ‘गेल्या वर्षी’ हे शब्द मात्र टाळा, त्या जागी साल घाला. जातीचा उल्लेख त्या व्यक्तीच्या कामाशी संबंध असेल आणि भक्कम संदर्भ असेल तरच करा. याच एका ओळीवरून पानांवर महिनोन्‌महिने ओढाताण चालते.

विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, म्हणून तो फुकट उतरवून घेता येतो असं नव्हे. त्याच्यावर प्रताधिकार आहे. विकिपीडियावरचा मजकूर मात्र कुणीही वापरावा अशा मुक्त परवान्याखाली जातो, तेव्हा दुसऱ्याचं लेखन आपण तिथे देऊच शकत नाही. शब्द इकडचे तिकडे करूनही भागत नाही. आमची युक्ती अशी: मी नोंद वाचते, पुस्तक मिटते आणि शेजारच्याला तोंडी सांगते. तो त्याच्या शब्दांत टंकतो. मग पुस्तक परत उघडून तिसरा तपशील ताडतो. याने वाक्यं आपोआप आपली होतात. इंग्रजी पानावरून यंत्राने केलेलं भाषांतर तसंच्या तसं चिकटवू नका. आपल्याच माणसांची आडनावं इंग्रजीतून परत येताना ओळखू येईनाशी होतात.

चित्रं आणि फोटो

चित्रकाराच्या पानावर चित्र नसेल तर पान अर्धंच, म्हणून यावर जास्त वेळ द्या. भारतात कलाकृतीवरचा प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २००५ पासून भारतात मुक्त आहेत. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर, जे. जे. मधून पदविका घेणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक, २००९ मध्ये गेल्या. त्यांची चित्रं २०६९ अखेरपर्यंत मुक्त नाहीत. घर एक, आडनाव एक, पण वडिलांचं चित्र चढवता येतं आणि लेकीचं वारसांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. ही परवानगी विकिमीडियाच्या ठरलेल्या ईमेल पद्धतीने पाठवायची असते, तोंडी होकार पुरत नाही. ‘फक्त विकिपीडियासाठी’ किंवा ‘व्यापारी वापर वगळून’ अशी अट घातलेली परवानगीही चालत नाही. हे वारसांना आधीच स्पष्ट सांगा.

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहात जातात. तिथे भारताबरोबर अमेरिकेचा कायदाही पाहतात. प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटलेलं चित्र असेल तर ती बाजू निर्धोक. म्हणून जुन्या मासिकांत आणि पोस्टकार्डांवर छापलेली चित्रं शोधा, आणि मासिकाचं नाव व साल फोटोच्या वर्णनात घाला.

पुतळ्यांचं वेगळं आहे. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून देता येतो, शिल्पकाराचा प्रताधिकार संपला नसला तरी. पुण्यातला करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ चा, करमरकर गेले १९६७ मध्ये. फोटो तुम्ही स्वतः काढलेला असेल तर खुशाल चढवा. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सवलत नाही.

व्यक्तीच्या फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा, किंवा पैसे देऊन काढवून घेतला असेल तर काढवून घेणाऱ्याचा असतो; नुसता आपला फोटो आहे किंवा आपल्या अल्बममध्ये आहे म्हणून हक्क मिळत नाही. घरच्यांना हे पटवायला वेळ लागतो. १९४६ च्या आधी काढलेला असल्याचं दाखवता आलं तर अडचण येत नाही, म्हणून फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि साल तिथेच असतं.

घरची माणसं

लेखकाचे मुलगे, सुना, नातवंडं वाचनालयात येतात आणि म्हणतात, ‘ताई, बाबांचं पान आम्हीच लिहितो, आमच्याइतकं कुणाला माहीत?’ त्यांना परत पाठवू नका. चहा द्या, कागद बघा. त्यांच्याकडची कात्रणं, पहिल्या आवृत्त्या, कार्यक्रमपत्रिका दुसरीकडे कुठेही नसतात. लेख मात्र त्यांनी लिहू नये, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर आपलं नातं सांगून दुरुस्त्या सुचवाव्यात. ‘काका, तुम्ही पुरावा द्या, लिहिण्याचं काम आमचं’ असं सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात. हयात व्यक्तीबद्दल आजारपण, घरगुती वाद, पत्ता यांतलं काहीही घालायचं नाही, मग सांगणारा सख्खा भाऊ का असेना.

पान तयार झाल्यावर

माहितीचौकट (लेखाच्या बाजूची मुख्य तपशिलांची चौकट) लावा, वर्ग जोडा, विकिडेटावरच्या नोंदीशी पान जोडून घ्या. काही माहितीचौकटी तिथूनच भरल्या जातात, म्हणून तारीख चुकीची दिसली तर आधी विकिडेटा तपासा. वर्तमानपत्रांचे दुवे मरतात. संदर्भ देतानाच वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत साठवून तोही दुवा द्या. कवीच्या मुक्त झालेल्या कविता लेखात कोंबू नका, त्यांची जागा विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथालयात आहे. केशवसुत तिथे पूर्ण देता येतील. खांडेकरांचं लेखन २०३६ अखेरपर्यंत नाही.

गटातल्या प्रत्येकाने पान आपल्या पहाऱ्याच्या सूचीत घ्यावं. कुणी बदल केला आणि तो पटला नाही तर लगेच उलटवू नका, चर्चा पानावर विचारा, खाली चार टिल्डांची (~~~~) सही करा, आणि आठवडाभर थांबा. पुष्कळदा समोरचा माणूस त्या लेखकाच्याच गावचा निघतो आणि त्याच्याकडे आपल्याला न मिळालेला अंक असतो. पानावर काढून टाकण्याची सूचना लागली तर घाबरू नका, चिडूही नका. ती लावणाऱ्याने कारण दिलेलं असतं. वही घेऊन बसा, उजव्या पानावरचे संदर्भ एकेक करून लेखात नीट लागलेत का ते पाहा, राहिलेले जोडा, आणि चर्चेत तेवढंच लिहा की अमुक दोन स्वतंत्र ग्रंथांत या व्यक्तीवर सविस्तर नोंद आहे, खंड आणि पृष्ठ असं असं.